टीकेचीं तयार वाक्यें

इंग्रजी कथेचें किंवा लेखाचें परीक्षण कसें लिहावें हें शिकविणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांत उपयुक्त वाक्प्रयोगांची एक यादी बहुधा असतेच. 'द टर्निंग पॉइंट ऑफ द स्टोरी', 'द ऑथर सजेस्ट्स', 'फ्लॅट कॅरेक्टर' इत्यादि प्रयोग मुलें घोकतात आणि परीक्षेंत पुढें येईल त्या कथेस चिकटवून मोकळीं होतात. परक्या भाषेंत विचार मांडावयाचा म्हणजे कांहीं आधार लागणारच. म्हणून या यादीची सरसकट थट्टा करणें आम्हांस रास्त वाटत नाहीं. प्रश्न इतकाच आहे कीं, या वाक्यांनीं वाचनास आरंभ होतो कीं वाचनाचा शेवट होतो?

लेखासंबंधीं बोलतांना वापरावयाचीं चार साधीं क्रियापदें घ्या. 'स्टेट्स' म्हणजे लेखक नुसतें सांगतो. 'आर्ग्यूज' म्हणजे कारणें देऊन प्रतिपादितो. 'क्लेम्स' म्हणजे तो म्हणतो खरा, पण तें अद्याप सिद्ध व्हावयाचें आहे. आणि 'इम्प्लाइज' म्हणजे उघड न म्हणतां सुचवितो. यांपैकीं नेमकें एक निवडावयाचें तर लेख पुन्हा उघडावाच लागतो. कारणें दिलीं आहेत काय, दिलीं असल्यास कोणत्या परिच्छेदांत, हें पाहावें लागतें. परंतु पुनरुक्ति टळावी एवढ्याच हेतूनें जो विद्यार्थी हीं चारी क्रियापदें आलटून पालटून योजतो, तो नकळत लेखकाच्या पदरीं भलतेंच मत बांधतो.

कथेच्या चर्चेंतील शब्दांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. ई. एम्. फॉर्स्टर यांनीं १९२७ सालीं केंब्रिज येथें कादंबरीवर व्याख्यानें दिलीं. तीं त्याच वर्षीं 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' या नांवानें प्रसिद्ध झालीं. एकाच कल्पनेभोंवतीं रचलेलें पात्र तें 'फ्लॅट', आणि वाचकाला पटेल अशा रीतीनें चकित करूं शकणारें तें 'राउंड', असा भेद त्यांनीं केला. आज 'फ्लॅट' हा शब्द निंदाव्यंजक झाला आहे. फॉर्स्टर यांनीं मात्र अशीं पात्रें चटकन ओळखूं येतात व दीर्घकाळ स्मरणांत राहतात, हे त्यांचे गुणहि सांगितले होते. 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधील मिसेस मिकॉबर हें त्यांचेंच उदाहरण. नवऱ्याला आपण अंतर देणार नाहीं असें ती वारंवार बजावते, आणि देतहि नाहीं. सारें पात्र एवढ्यावर उभें आहे. डिकन्सचीं बहुतेक पात्रें अशीं असतांहि त्याच्या कादंबऱ्यांत माणुसकीची खोली कां जाणवते, हें कोडें फॉर्स्टर यांना पडलें होतें. त्यांनीं ज्या शब्दानें शोध आरंभिला, त्याच शब्दानें आपण निकाल देऊन बसतों!

टी. एस्. एलियट यांच्या 'ऑब्जेक्टिव्ह कॉरिलेटिव्ह'ची गति तीच झाली. भावना प्रतीतीस आणून देण्यास तिला अनुरूप अशी वस्तु, परिस्थिति किंवा घटनांची मालिका असावी लागते, असा त्याचा आशय. १९१९ च्या निबंधांत हा विचार त्यांनीं 'हॅम्लेट' नाटकास लावला आणि नायकाचा क्षोभ नाटकांतील घटनांहून अधिक आहे असा ठपका ठेवला. ठपका अनेकांस मान्य झाला नाहीं. तरी तो एका विशिष्ट नाटकावर दृष्टि रोखून ठेवलेला होता. पुढें १९५६ सालच्या एका व्याख्यानांत, आपल्या कांहीं शब्दप्रयोगांना जगांत लाभलेल्या यशानें संकोच वाटतो, अशा आशयाची कबुली खुद्द एलियट यांनींच दिली.

हा दोष केवळ इंग्रजी शिक्षणाचा, असें मानण्याचें कारण नाहीं. एलियट यांचा विचार वाचतांना आपल्याकडील रसचर्चेंतील 'विभावा'ची आठवण कोणासहि होईल; परंतु येथें वीररस, तेथें करुणरस, अशीं लेबलें लावीत जाण्याची खोड आपल्या टीकेसहि होतीच.

तयार शब्दाचा सदुपयोग कसा होतो, याचें घरचें उदाहरण द्यावयाचें तर हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी घ्यावी. तींत यमू आपली हकीकत स्वतःच सांगते. 'फर्स्ट पर्सन नॅरेटर' एवढें लिहून थांबलें तर ती केवळ नोंद झाली. पण ही रीत येथें कां, असें विचारतांच ध्यानांत येतें कीं, ज्या घरांत जिनें मान वर करून बोलूं नये अशी शिस्त होती, तिच्याच तोंडीं कादंबरीकारानें अवघी कथा घातली आहे. मग कादंबरीचें नांवहि तक्रारीसारखें कानीं पडूं लागतें. शब्द तोच, पण आतां त्यानें आपणांस पुस्तकांत परत नेलें.

म्हणून मुलांच्या वहींतील ही यादी पालकांनीं फाडूं नये. मात्र प्रत्येक वाक्यापुढें 'कोठें?' आणि 'कशावरून?' हे दोन प्रश्न त्यांना लिहावयास लावावे. ज्या वाक्याला पुस्तकांतील एखादें स्थळ दाखवितां येत नाहीं, तें कितीहि डौलदार इंग्रजींत असलें तरी खोडावें. गोष्ट वाचून मुलाला जें खरोखर वाटलें, तें त्याच्या मोडक्यातोडक्या शब्दांत उरलें तरी चालेल. पण उसन्या वाक्याखालीं तें दडपून गेलें, तर पुढें पुढें आपणांस कांहीं वाटलें होतें हेंच तें विसरून जाईल.