वलगणीची विद्या: शहापूर-मुरबाडचे ओढे आणि उत्तरेचे तलाव

ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या ग्रामीण बोलीत पावसाच्या पहिल्या पुराबरोबर नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यांत, आणि ओढ्यांतून भातखाचरांत, अंडी घालण्यासाठी चढू लागतात, त्या घटनेला ‘वलगण’ म्हणतात. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील भातसा, काळू आणि शाई या नद्या सह्याद्रीच्या उतारावरून वेगाने खाली येतात आणि उन्हाळ्यात पुष्कळ ठिकाणी कोंडांपुरत्याच, म्हणजे पात्रातल्या खोल डोहांपुरत्याच, उरतात; त्यामुळे वर्षभर कोंडात दबून राहिलेले मत्स्यजीवन या काही दिवसांत एकाएकी साऱ्या शिवारात पसरते. ही घटना नेमकी कोणत्या रात्री घडेल, कोणत्या बांधावरून पाणी पडताना मासा उडी घेईल आणि गढूळ पाण्याचा रंग केव्हा पुरेसा चढला असे समजावे, हे कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी समाजांतील जाणती माणसे आभाळ आणि ओढा पाहून ओळखतात. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात बांधलेले नाही, तरीही ते शास्त्र या नावाला पात्र आहे.

या शास्त्राचा पाया निरीक्षण हा आहे. मरळ या माशाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते: मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेणारा मासा असल्यामुळे त्याच्या श्वासाची उकळी पृष्ठभागावर दिसते, आणि पिल्लांच्या काळात लालसर पिल्लांचा थवा जिथे वर फिरत असतो तिथे खाली आईबाप राखणीला असतात, हे अनुभवी नजरेला दुरूनच कळते. पाग फेकणे, गळ टाकणे किंवा बांबूच्या कामट्यांचा सापळा प्रवाहात लावणे या सर्व क्रिया अशा पाहण्यानंतरच्या आहेत. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामासाठी परमुलखात जाणारी कातकरी कुटुंबे ही नजर बरोबर घेऊन जातात आणि पावसाच्या तोंडावर, वलगणीच्या सुमारास, आपल्या वाडीवर परततात. म्हणून घर सोडूनही कला जिवंत कशी ठेवावी, याचा धडा या मुलखाला याच समाजाकडून मिळालेला आहे.

उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या स्मरणिकांतून नाटक, संगीत आणि लेझीम यांचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. परंतु पाणी वाचण्याची ही कलाही त्याच आदराची धनी आहे, आणि ती जिवंत ठेवण्यासाठी कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातील थंड, खोल तलावांइतकी अनुकूल जागा क्वचितच सापडेल. त्या तलावांचा मुख्य मासा म्हणजे लेक ट्राउट होय. नावात ट्राउट असले तरी तो ‘चार’ या थंड पाण्यातील माशांच्या गटातला आहे. मरळीचा स्वभाव जितका उथळ आणि उबदार पाण्याचा, तितका याचा खोल आणि गार पाण्याचा असून सुमारे 10 अंश सेल्सियसचे, प्राणवायूने भरलेले पाणी त्याला मानवते. उन्हाळ्यात तलावाचे वरचे पाणी तापून थंड पाण्यावर वेगळा थर धरते आणि मासा खालच्या थरात उतरतो; बर्फ वितळल्यावर आणि पुन्हा शरद ऋतूत दोन्ही थर एकमेकांत मिसळतात, तेव्हा तो काठाजवळ येतो. शरदातील रात्री तो खडकाळ उथळ्यांवर अंडी सोडतो. घरटे करीत नाही आणि राखणही करीत नाही, दगडांच्या फटींत पडलेली अंडी हिवाळाभर बर्फाखाली राहून वसंतात फुटतात. हा मासा सावकाश वाढतो, अंडी घालण्याइतका मोठा होण्यास त्याला अनेक वर्षे लागतात आणि काही मासे 40 वर्षांहूनही अधिक जगतात, त्यामुळे अविचाराने केलेली मासेमारी भरून निघण्यास एक पिढी जाऊ शकते.

या तलावांच्या काठी अनिशिनाबे आदी मूळनिवासी समाजांनी हीच निरीक्षणविद्या जोपासली. बर्फाला भोक पाडून, अंगावर आच्छादन घेऊन वरचा उजेड अडवायचा, म्हणजे खालचे पाणी काचेसारखे दिसू लागते. मग लाकडात कोरलेला खोटा मासा दोरीने हलवून खऱ्या माशाची वाट पाहायची, ही त्यांची पद्धत होती. या माशाच्या शास्त्रीय नावातील ‘नामेकुश’ हा शब्दही त्या प्रदेशातील मूळ भाषेतून घेतलेला आहे. हाच प्रकार महाराष्ट्रातही घडला: कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन करताना महाशीराच्या एका जातीला ‘खुद्री’ हे स्थानिक मराठी नाव दिले आणि ते आजही शास्त्रात कायम आहे. जगभरच्या संशोधकांना या दोन्ही माशांचा उल्लेख करताना मच्छीमारांच्याच बोलीतील शब्द उच्चारावा लागतो, यातच त्या ज्ञानाला मिळालेली मान्यता दिसते.

येथे एक भेद मात्र काळजीपूर्वक पाळला पाहिजे: परमुलखात विद्या न्यावी, मासा नेऊ नये. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या मोठ्या तलावात लेक ट्राउट मुळात नव्हता. माणसाने तो तिथे आणल्याचे 1994 मध्ये उघड झाले आणि त्यानंतर तिथल्या मूळच्या कटथ्रोट ट्राउटची संख्या झपाट्याने घटली. कटथ्रोट हा वलगणीच्या माशासारखा ओढ्यांत चढून अंडी घालतो, म्हणून अस्वलांना आणि पक्ष्यांना तो मिळत असे. लेक ट्राउट ओढ्यात चढत नाही, खोल पाण्यातच राहतो, त्यामुळे एका माशाबरोबर किनाऱ्यावरील प्राण्यांचाही घास गेला. महाराष्ट्राच्या खुद्री महाशीराची गोष्ट हीच आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे 1970 च्या दशकापासून या माशाची कृत्रिम पैदास झाली, ती कौतुकास्पदच होती. परंतु ही पिल्ले कावेरीत सोडली गेल्यावर तिथल्या मूळच्या कुबड्या महाशीराची जागा त्यांनी घेतली आणि तो आता नामशेष होण्याच्या काठावर आहे.

वाडा तालुक्यातील तिळसे येथे, वैतरणेच्या पात्रातील तिळसेश्वराच्या परिसरात, महाशीर देवाचे मासे म्हणून राखले जातात आणि कोणी त्यांना गळ लावीत नाही. वलगणीत अंड्यांनी भरलेली मादी सरसकट मारली, किंवा ओढ्यात सुरुंग आणि विषारी पावडर टाकली, तर कोंड रिकामे होतात. तिळशाची श्रद्धा हा त्यावरचा लोकांनीच घातलेला बंधारा आहे. उत्तरेच्या तलावांवर परवाना, पकडीची मर्यादा आणि अनेक ठिकाणी शरदातील बंदी हे काम करतात. ज्या मराठी घरांना ही कला पुढच्या पिढीकडे द्यावयाची आहे, त्यांच्यासाठी ती बंदीची रात्रच सर्वांत मोलाची आहे: गळ घरी ठेवून खडकाळ किनाऱ्यावर जावे, उथळ्यावर चढलेले मासे शांतपणे न्याहाळावेत, आणि सोबतच्या मुलांना सांगावे की शहापूर-मुरबाडच्या ओढ्यांत मृगाच्या पावसात असेच मासे चढतात आणि तिथे त्याला वलगण म्हणतात.