शालेय अर्थशिक्षण आणि व्यवहाराची परिभाषा

पैशाचा व्यवहार मुलांना शाळेत शिकवावा, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रौढशिक्षणाच्या संदर्भात आर्थिक साक्षरतेची गणना आवश्यक जीवनकौशल्यांत केली. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्रानेही सहावी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यपुस्तिका सिद्ध केल्या आहेत. तथापि हे शिक्षण ज्या शब्दांतून द्यावयाचे ते शब्द कोणत्या घरातले आहेत, याची चिकित्सा क्वचितच होते.

सरळव्याजाच्या पाठातील 'द.सा.द.शे.' ही संज्ञा घ्यावी. 'दर साल दर शेकडा' हा तिचा विग्रह विद्यार्थ्याला मुखोद्गत असतो. परंतु खाजगी सावकारीत दर सांगताना कालावधीचा उच्चार बहुधा होत नाही. 'शेकडा तीन' म्हणजे दरमहा शेकडा तीन, हे देणारा व घेणारा दोघेही गृहीत धरतात. शाळेच्या परिभाषेत हाच दर द.सा.द.शे. ३६ होतो. त्यातच पहिल्या महिन्याचे व्याज आधी कापून घेण्याची रीत असेल, तर दरमहा शेकडा १० ने काढलेल्या १,००० रुपयांपैकी हाती ९०० च पडतात आणि प्रत्यक्ष दर महिन्याला शेकडा ११ च्या वर जातो. सूत्रात आकडे घालून अचूक उत्तर काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानी घरी 'तीन टक्क्यांनी पैसे आणले' हे वाक्य पडले, तर तो दर त्याला बँकेपेक्षा स्वस्त वाटण्याचा संभव आहे. त्याचे गणित पक्के असते. वाक्यातील अध्याहृत पद तेवढे त्याला कोणी दाखविलेले नसते.

'कर्ज' या शब्दाचीही तीच गत आहे. मुद्दल, दर आणि मुदत ही त्याची पाठ्यपुस्तकातील तीन अंगे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे, ज्याची गणना मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' अशी होते, हंगामापूर्वी 'उचल' घेते. ती तोडणीच्या मजुरीतून फेडावयाची असते. न फिटलेली बाकी पुढील हंगामाचे श्रमही बांधून ठेवते. ही अट वरील तीन अंगांपैकी कोणत्याही एकात बसत नाही. 'हातउसने' यात व्याज नसते, पण परतफेडीचे बंधन असते. 'भिशी' एकाच वेळी बचतही असते आणि कर्जही. हे शब्द वर्गाबाहेर राहिले की ज्या घरी ते नांदतात ती घरेही पाठाबाहेर राहतात. मग 'बचत करा' हा उपदेश शिल्लकच न उरणाऱ्या घरच्या मुलाला दूषणासारखा लागतो.

'दामदुप्पट' या शब्दाचा इतिहास तर फारच उद्बोधक आहे. हिंदू धर्मशास्त्रातील या नियमानुसार एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू शकत नसे. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. ऋणकोचे रक्षण करणारा हा शब्द आज मुख्यतः 'दामदुप्पट रकमेचे आमिष' अशा फसवणुकीच्या बातम्यांत आढळतो. एवढा एक शब्द नीट उलगडला तरी व्याजाचा एक संपूर्ण पाठ उभा राहील.

समावेशकता म्हणजे उदाहरणांतील नावे बदलणे, असा एक समज आहे. पगारदाराच्या जागी शेतमजूर आला, पण त्याचे उत्पन्न महिन्याच्या एक तारखेलाच येत राहिले, तर बदल केवळ नावापुरता ठरतो. याउलट 'घरचा मासिक हिशेब लिहून आणा' असा स्वाध्याय दिल्यास मुलाचे दारिद्र्य वर्गापुढे मांडले जाते. कल्पित कुटुंबाचा हिशेब वर्गात सोडविणे हाच यातील सुरक्षित मार्ग होय. त्यात हंगामी उत्पन्न, उचल आणि उधारी यांना स्थान द्यावे. आपल्या घरचे सांगण्याची सक्ती मात्र कोणावर नसावी.

बोलीतील शब्द जिल्ह्यागणिक बदलतात, म्हणून प्रमाण परिभाषाच शिकवावी, असा आक्षेप येईल. तो अंशतः ग्राह्य आहे, कारण बँकेचा अर्ज व करारपत्र त्याच परिभाषेत असतात. परंतु प्रमाण संज्ञा शिकविणे आणि ती घरच्या शब्दाशी जोडून देणे यांत विरोध नाही. 'शेकडा तीन' ऐकताच 'महिन्याला की वर्षाला?' असे जो विद्यार्थी विचारील, त्याचे अर्थशिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले असे मानावयास हरकत नाही.