आधी खोली, नंतर तार

घरातल्या संगीतयंत्रणेत थोडी थोडी सुधारणा करायची असेल, तर आधी काय बदलावे आणि नंतर काय, याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. असाच एक लेखी सल्ला नुकताच आमच्या वाचनात आला. तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या आमच्या एका मित्रांना तो एका दुकानात मिळाला होता. त्यांच्याकडे सीडी प्लेयर, ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर असा संच आहे. गाणे गढूळ वाटते, बायाँ घुमतो आणि बंदिशीचे शब्द कळत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. वेतनाच्या फरकातले वीस हजार रुपये त्यांनी यासाठी बाजूला ठेवले होते.

दुकानाच्या यादीतला क्रम असा होता : प्रथम विजेची जाड केबल, मग स्पीकरसाठी खास शुद्ध तांब्याची तार, त्यानंतर नवा प्लेयर, मग अधिक वॅटचा ॲम्प्लिफायर आणि सर्वांत शेवटी स्पीकर. ज्या खोलीत हे सारे ठेवायचे तिचा उल्लेख कुठेच नव्हता. "यातले आधी काय घेऊ?" असे मित्रांनी विचारले. यादीमागचा विचार तपासल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देता येणार नाही, असे आम्हांला वाटले.

उगमापासून सुरुवात का?

यादीमागे एक जुने तत्त्व आहे. उगमापाशी जे हरवले ते पुढे कोणीही परत आणू शकत नाही, म्हणून खर्च उगमापासून करावा. ग्लासगोच्या लिन कंपनीचे संस्थापक आयव्हर टिफेनब्रुन यांनी १९७० च्या दशकात या विचाराचा जोरदार पुरस्कार केला. ग्रामोफोन तबकडीच्या काळात त्यात तथ्य होते. सुई खोबणीतून फिरताना तिच्या टोकाची झीज, भुजेचे घर्षण आणि मोटरची थरथर या सगळ्यांची भर नादात पडते. चांगली तबकडी आणि झिजलेली सुई हा सौदा तोट्याचाच. आजही तबकड्या ऐकणाऱ्याने पहिला खर्च सुईवर करावा, हे आम्हांला मान्य आहे.

परंतु १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि परिस्थिती पालटली. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने नोंदलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. २०,००० हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे तरुण कानाला ऐकू येणारा जवळजवळ सगळा पट्टा त्यात बसतो. साध्या प्लेयरची चूकही डेसिबेलच्या लहानशा अंशात असते. उलट सामान्य स्पीकरमध्ये काही स्वर कित्येक डेसिबेलने चढे तर काही उतरते असतात. खोलीमुळे तर खालच्या स्वरांत दहा डेसिबेल किंवा त्याहून अधिक फरक पडू शकतो.

प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना दगडाची घनता काढायला सांगतो. एखाद्याने वस्तुमान मिलिग्रॅमपर्यंत मोजले आणि आकारमान मात्र जाड खुणांच्या चंचुपात्रात पाहिले, तर आपण त्याला काय सांगतो? तराजू बदलू नकोस, मोजपात्र आण. मोठी चूक जिथे असेल तिथे हात घालावा, हाच नियम. यादीतल्या तत्त्वाने चुकीचे स्थान सांगितले, पण चुकीचा आकार विचारलाच नाही. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

तारेचा हिशोब

आता तार घेऊ. हा हिशोब नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमतो. घरातल्या दिव्यांसाठी वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. स्पीकर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबे लागते. तांब्याची रोधकता १.७ गुणिले १० चा उणे आठवा घात ओहम-मीटर धरली, तर रोध सुमारे ०.११ ओहम येतो. स्पीकर ८ ओहमचा असेल तर तारेमुळे आवाज सुमारे ०.१२ डेसिबेलने उतरतो. अगदी अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर वापरली तरी उतार सुमारे ०.३६ डेसिबेलच होतो. आणि हे नुकसान तांब्याच्या खास शुद्धतेने नव्हे, जाडीने भरून निघते. तेव्हा वायर पुरेशी जाड असावी आणि तिची टोके स्वच्छ, घट्ट बसवलेली असावीत. यापलीकडे तारेकडून फार अपेक्षा नको.

विजेच्या केबलची गोष्ट त्याहून सोपी आहे. उपकेंद्रापासून आपल्या भिंतीतल्या सॉकेटपर्यंत वीज कित्येक किलोमीटर साध्या तारांमधून येते. शेवटच्या दीड मीटरने तिच्यात काय फरक पडावा? शिवाय ॲम्प्लिफायरमध्ये शिरताच तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर होते. खरखर किंवा ५० हर्ट्झची घरघर ऐकू येत असेल, तर मात्र दोष शोधलाच पाहिजे. तो बहुधा सैल जोडात किंवा अर्थिंगमध्ये सापडतो.

वॅटचा मोह

५० वॅटचा ॲम्प्लिफायर काढून १०० वॅटचा आणला म्हणजे आवाज दुप्पट होईल, अशी समजूत सर्वत्र आढळते. आपला कान असा चालत नाही. शक्ती दुप्पट झाली की पातळी फक्त ३ डेसिबेलने वाढते. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबेल, म्हणजे दहापट शक्ती लागते. घरात बेताच्या आवाजात ऐकताना बहुतेक वेळ सरासरी एखाद-दुसरा वॅटच खर्च होतो. मोठ्या आवाजात ॲम्प्लिफायर दमत असेल, म्हणजे तान वर गेली की आवाज फाटत असेल, तरच तो बदलण्यात अर्थ आहे.

यादीत नसलेली खोली

मित्रांची खोली ५ मीटर लांब, ३.४ मीटर रुंद आणि २.९ मीटर उंच आहे. खाली फरशी, वर स्लॅब, भिंती गिलाव्याच्या. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर लांबीच्या दिशेने ३४.५ आणि ६९ हर्ट्झला स्थिर तरंग तयार होतात. काळी एक सुरातल्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळच येतो. या तरंगाचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि मधोमध सर्वांत जास्त असतो, भिंतीपासून १.२५ मीटरवर तो जवळपास शून्य होतो. मित्रांची आरामखुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती, म्हणजे लांबीच्या दिशेचे सगळे तरंग जिथे कमाल तिथेच. खुर्ची ८० सेंटिमीटर पुढे घेतली की ६९ हर्ट्झचा दाब भिंतीपाशी असतो त्याच्या जवळपास निम्मा होतो. तंबोऱ्यात वरचे उपस्वर भरपूर असल्याने खर्ज नाहीसा होत नाही, पण त्याचे वजन स्पष्टपणे बदलते. या बदलाला पैसा लागत नाही.

दुसरा प्रश्न निनादाचा. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात प्राध्यापकांचे बोलणेच कळत नसे. उच्चारलेला शब्द तिथे साडेपाच सेकंद रेंगाळे. वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञावर ते काम सोपवले गेले. जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा आणि सकाळपूर्वी गाद्या परत ठेवायच्या, असा त्याचा क्रम होता. त्यातून निघालेले सूत्र साधे आहे. खोलीच्या आकारमानाला ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागावे. उत्तर सेकंदांत मिळते.

मित्रांच्या खोलीचे आकारमान सुमारे ४९ घनमीटर आहे आणि सर्व पृष्ठभाग मिळून ८३ चौरस मीटर. गिलावा आणि फरशी पडणाऱ्या ध्वनीचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात असे धरले, तर शोषण अडीच चौरस मीटर आणि निनादकाल ३.२ सेकंद येतो. जलद तानेतले स्वर एकमेकांत मिसळणार नाहीत तर काय! आता गाद्या, सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेले कपाट अशा वस्तूंनी दहा चौरस मीटर शोषणाची भर घातली, की निनादकाल ०.६४ सेकंदावर येतो. मात्र पडदे वरचे स्वर शोषतात, खालचे फारसे नाही. म्हणून घुमणाऱ्या बायाँचा बंदोबस्त खुर्ची आणि स्पीकर हलवूनच करावा लागतो. स्पीकर अगदी कोपऱ्यात ठेवला की खालचे स्वर फुगतात, हेही लक्षात ठेवावे.

आमची फसगत

हे सगळे लिहिताना आम्ही स्वतः फार शहाणे होतो असा आव आणणे बरे नव्हे. काही वर्षांपूर्वी आम्हीही महागडी तार विकत घेतली होती आणि पहिल्याच संध्याकाळी सतार अधिक स्वच्छ वाजते असे घरात सर्वांना सांगितले होते. मुलीने विचारले, "बाबा, न बघता ओळखाल?" मग तिने नाणे उडवून कधी जुनी, कधी नवी तार जोडली. आम्ही दुसऱ्या खोलीत थांबायचो आणि तार जोडून झाल्यावर येऊन ऐकायचो. सोळा वेळांपैकी नऊ वेळा उत्तर बरोबर आले. निव्वळ अंदाजाने सोळांत बारा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. त्यामुळे बारा आले असते तर आमचे म्हणणे विचारात घ्यावे लागले असते. नऊ म्हणजे नाणेच बोलत होते.

तज्ज्ञांचीही अशीच फसगत होते. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवले, की स्पीकर डोळ्यांपुढे असताना दिलेले गुण आणि पडद्याआड असताना दिलेले गुण यांत मोठा फरक पडतो. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये अधिक उच्च प्रतीचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जातून नेलेले ध्वनिमुद्रण यांची तुलना श्रोत्यांकडून करवली. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरे होती २७६. फरक कधीच नसतो असे यातून सिद्ध होत नाही. पण जो फरक डोळे मिटताच नाहीसा होतो, त्यासाठी खिसा रिकामा करण्याआधी विचार करावा, इतके नक्की ठरते. तुलना करताना दोन्ही आवाजांची पातळीही समान ठेवावी, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला हमखास अधिक चांगला वाटतो.

मग क्रम कोणता?

मित्रांना आम्ही कळवलेला क्रम असा होता. पहिल्यांदा फुकटची कामे करावीत. दोन्ही स्पीकरच्या तांबड्या-काळ्या तारा एकसारख्या जोडल्या आहेत ना, ते पाहावे. एक उलटी असेल तर खालचे स्वर एकमेकांना खोडतात आणि आवाज मधोमध एकवटत नाही. दोन्ही स्पीकर कानांपासून समान अंतरावर असावेत. तीस सेंटिमीटरच्या फरकाने एका बाजूचा ध्वनी जवळजवळ एक सहस्रांश सेकंद आधी पोचतो आणि गायक त्या बाजूला सरकल्यासारखा वाटतो. मग खुर्ची आणि स्पीकर हलवून पाहावेत. त्यानंतर स्वस्त कामे : सतरंजी, पडदे, स्पीकरखाली न डगमगणारी तिवई. एवढे करूनही असमाधान राहिले तर स्पीकर बदलावेत. ॲम्प्लिफायर गरज पडली तरच. तारांचा क्रमांक सर्वांत शेवटी. आणि पन्नाशी उलटलेल्यांनी यातले काहीही विकत घेण्यापूर्वी एकदा कान तपासून घ्यावेत, कारण वयाबरोबर वरचे स्वर ऐकू येणे कमी होत जाते आणि त्यावर कोणतीही केबल उपाय नाही.

महिन्याभराने मित्रांचे उत्तर आले. एका स्पीकरची तार खरोखरच उलटी निघाली. खुर्ची पुढे आली, भिंतीवर जुनी जाड गोधडी टांगली गेली आणि शब्द कळू लागले. वीस हजारांपैकी अकराशे रुपये खर्च झाले. पुढे त्यांनी लिहिले होते, "सॅबाइनचे सूत्र आमच्या आठवीच्या वर्गाला लावून पाहिले. मागच्या बाकावरची मुले नीट ऐकत नाहीत म्हणून मी त्यांना वर्षानुवर्षे रागावत आलो आहे."

त्यांचा वर्ग साडेसात मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि ३.३ मीटर उंच आहे. चाळीस मुले बसलेली असताना, प्रत्येकाचे शोषण ०.४ चौरस मीटर धरून, निनादकाल सुमारे १.१ सेकंद येतो. अमेरिकेत २००२ साली ठरवलेल्या मानकात अशा आकाराच्या रिकाम्या वर्गासाठीसुद्धा ०.६ सेकंदांची मर्यादा आहे. उरलेल्या पैशांतून मागच्या भिंतीवर मऊ फलक लावण्याचे त्यांनी ठरवले आहे. आपणही आपल्या वर्गाची लांबी, रुंदी आणि उंची विद्यार्थ्यांकडून मोजून घ्या आणि हे गणित त्यांनाच करायला सांगा.