अभिजात संस्कृतीचे पदव्युत्तर अध्ययन : भाषा आणि भाषांतर

प्रस्तावना

पाश्चात्त्य विद्यापीठांत प्राचीन ग्रीस व रोम यांच्या अध्ययनाचे दोन मार्ग रूढ आहेत. 'क्लासिक्स' या मार्गात ग्रीक व लॅटिन भाषांना केंद्रस्थान असते. 'अभिजात संस्कृती' या मार्गात इतिहास, नाट्य, तत्त्वज्ञान व शिल्प यांचा अभ्यास बहुधा भाषांतरांच्या आधारे होतो. दुसऱ्या मार्गाने पदवी घेतलेला विद्यार्थी पदव्युत्तर संशोधनाकडे वळला की भाषेचा प्रश्न अटळ होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

परंपरा आणि परिवर्तन

फ्रीड्रिख आउगुस्ट वोल्फ यांनी १७८७ मध्ये हाले येथे भाषाशास्त्रीय अध्ययनवर्ग स्थापन केला आणि १८०७ मध्ये प्राचीनविद्येची समग्र कल्पना मांडली. तीत कला, इतिहास व धर्म यांचा समावेश होता. मात्र त्या सर्वांचे साधन भाषा हेच होते. २०२१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने क्लासिक्सच्या पदवीसाठी असलेली ग्रीक अथवा लॅटिनची सक्ती रद्द केली. लॅटिन शिकविणाऱ्या शाळा मोजक्या असतात; त्यामुळे भाषेची अट ही सामाजिक गाळणी ठरते, हा या बदलामागील युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. तथापि प्रवेशाचा हा न्याय संशोधनाला जसाच्या तसा लागू होतो काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

एका संज्ञेची साक्ष

अॅरिस्टॉटलच्या 'पोएटिक्स'च्या सहाव्या प्रकरणात शोकात्मिकेच्या व्याख्येत 'कॅथार्सिस' हा शब्द येतो. तेथे त्याचे स्पष्टीकरण नाही. याकोब बर्नाइस यांनी १८५७ मध्ये त्याचा वैद्यकीय अर्थ प्रतिपादिला. अन्य अभ्यासकांनी शुद्धीकरण, तर लिऑन गोल्डन यांनी १९६२ मध्ये बौद्धिक उलगडा हा अर्थ मांडला. मराठी समीक्षेत वापरला जाणारा 'विरेचन' हा प्रतिशब्द आयुर्वेदातील पंचकर्मांपैकी एकाचे नाव होय. तो स्वीकारताच वाचक नकळत बर्नाइस यांच्या पक्षात जातो. भाषांतर हे मुळात भाष्य असते. मूळ शब्दापर्यंत न पोहोचणाऱ्या अभ्यासकाला त्या भाष्याची परीक्षा करता येत नाही. त्याचा प्रबंध दुसऱ्याच्या निर्णयावर उभा राहतो.

अर्थात, भाषा उशिरा शिकता येत नाही असे नाही. पेन्सिल्व्हेनियासारख्या विद्यापीठांनी पदवीनंतर ग्रीक-लॅटिन पक्के करून घेणारे अभ्यासक्रम चालविले आहेत. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी केंब्रिजमध्ये गणिताचे अध्ययन केले आणि त्यानंतर बर्लिनमध्ये हाइनरिख ल्यूडर्स यांच्याकडे भारतविद्येचे शिक्षण घेतले. पुढे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे ते प्रमुख संपादक झाले. उशिरा आरंभ हा अडसर नसतो; अडसर असतो तो तयारीसाठी वेळ व शिष्यवृत्ती नसण्याचा. या खर्चाची जबाबदारी विद्यापीठाने घेतली नाही, तर खुला प्रवेश हा केवळ देखावा ठरतो.

समारोप

भाषेची अट प्रवेशाच्या दारी शिथिल असावी, संशोधन-पदवीच्या दारी कठोर असावी आणि या दोहोंमधील वाट संस्थेने बांधून द्यावी, असा निष्कर्ष निघतो. प्राचीन भारतीय संस्कृतीच्या पदव्युत्तर अध्यापनालाही हाच निकष लागू पडतो. संस्कृत, पाली व प्राकृत यांपैकी एकाही भाषेतील मूळ पाठ वाचता न येणारा संशोधक आपल्याच परंपरेपुढे परका ठरेल.