कोकणातलं भूत, वऱ्हाडातला अंधार

भयपट फसला की निर्मात्याची सबब ठरलेली असते, पैसे नव्हते. मला ती पटत नाही. गरिबी खपवून घेणारा सिनेमाचा दुसरा प्रकार नसेल. ऐतिहासिक पटाला हत्ती-घोडे लागतात, प्रेमपटाला निदान देखणे चेहरे आणि गाणी. भयपटाला अंधार लागतो, आणि तो फुकट मिळतो. जॉर्ज रोमेरोने 1968 साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' सव्वा लाख डॉलरच्या आत उरकला. 2007 चा 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' एकाच घरात, 15 हजार डॉलरच्या आसपास झाला आणि त्याने जगभर गल्ला भरला.

आपल्याकडे हे गणित रामसे बंधूंना कळलं होतं. 'दो गज जमीन के नीचे' (1972) साठी त्यांनी महाबळेश्वरला मुक्काम ठोकला. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक लिखाणाला, असा घरचाच कारखाना. मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी नाक मुरडलं, तरी 'पुराना मंदिर' (1984) आणि 'वीराना' (1988) यांना आमच्या अचलपूर-परतवाड्यासारख्या गावांनी पोसलं. त्यांत दोष ढीगभर आहेत. विनोदाचा उपटसुंभ धागा, विनाकारण आंघोळ, शेवटी त्रिशूळ की झालं. पण दिवे लावणाऱ्याला आपलं काम येत होतं. हिरव्या-निळ्या उजेडात अजय अगरवालचा सामरी नुसता उभा राहिला तरी खुर्चीतला माणूस सावरून बसायचा. नंतरच्या नकलाकारांनी आंघोळ आणि त्रिशूळ तेवढे उचलले, दिवे विसरले. त्याच वाटेने गाडी हरिनाम सिंगच्या 'शैतानी ड्रॅक्युला'पर्यंत (2006) आली. तो आज लोक हसण्यासाठी हौसेने बघतात.

बघोत बापडे. अतिवाईट सिनेमा निदान लक्षात तरी राहतो. खरी अडचण मधल्या मालाची आहे. त्यात कॅमेरा नीट असतो, रंग नीट असतात, नटही बरे असतात, आणि घरी येईपर्यंत काहीच उरत नाही. असे मराठी भयपट गेल्या काही वर्षांत पुष्कळ आले. आरशात मागे कोणीतरी दिसणार, दार आपोआप लागणार, स्पीकर फाटेल एवढा ठणठणाट होणार. आवाजाने दचकणं म्हणजे भिणं नव्हे. ताट पडलं तरी माणूस दचकतोच.

मराठीत सुरुवात काही वाईट नव्हती. वसंत जोगळेकरांच्या 'हा खेळ सावल्यांचा'मध्ये (1976) सावली, गाणं आणि आशा काळेंचा घाबरलेला चेहरा एवढ्यावर भागलं होतं. पुढे आपण हसण्याची वाट धरली. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (1993) परदेशी बाहुल्यावरून सुचलेला असला तरी रामदास पाध्यांच्या तात्या विंचूने तो इथला करून टाकला. 'पछाडलेला'ही (2004) धमाल होता. मात्र या यशाचा तोटा असा झाला की भूत म्हटलं की विनोद हे समीकरणच पक्कं झालं. प्रेक्षकाला भिववायची जबाबदारी नको असेल तर ही पळवाट फार सोयीची.

ती पळवाट न घेणारा सिनेमा म्हणजे विशाल फुरियाचा 'लपाछपी' (2017). मोजकी माणसं, एक घर आणि भोवती ऊस. बरीचशी भीती भरदिवसा, उन्हात. उसात चार पावलं आत गेलं की मागचा माणूस दिसत नाही, हे ज्याने शेत पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. पूजा सावंतची गरोदर बाई कशाला घाबरते हे हळूहळू उलगडतं आणि गोष्ट मुलींना जन्माआधी मारणाऱ्या घरांपाशी येते. उषा नाईकांची तुळसाबाई कुठल्याही मुखवट्याहून भयंकर. शेवटचा उपदेश मला जड वाटला, पण ही भीती कुणाकडून उसनी आणलेली नव्हती. फुरियानेच 2021 मध्ये हिंदीत या सिनेमाचा 'छोरी' केला.

उसनवारीलाही माझी हरकत नाही. 'तुंबाड'मागे (2018) नारायण धारपांची 'आजी' आहे आणि त्या 'आजी'मागे स्टीफन किंगची कथा. पण राही बर्वेने तिला अनेक पावसाळे खऱ्या पावसात भिजवली. 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा हा सिनेमा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला.

तरी एक गोष्ट खटकते. 'रात्रीस खेळ चाले', 'तुंबाड', 'मुंज्या' यांतलं भूत राहतं कोकणातच. वऱ्हाडात जणू कुणी मरतच नाही. आमची माणसं पडद्यावर येतात ती हसवायला. नायिका पुण्याचं बोलणार आणि "कोन हाय बे तथी?" म्हणून गडी हशा पिकवणार. हाच प्रश्न रात्री दोन वाजता पऱ्हाटीच्या वावरात, धुऱ्यावरून, कोणी हलक्या आवाजात विचारला तर? रानडुकरांपायी जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याला तो अंधार तोंडपाठ आहे.

आमच्याकडची पोरंही मोबाइलवर भुताचे लघुपट काढतात आणि तीच पांढरी साडी, तोच यूट्यूबवरून उतरवलेला किंकाळीचा आवाज वापरतात. उंबरठ्याशी काय पडलंय ते बघा की. वर चिखलदऱ्याचं धुकं आहे, भीमाने कीचकाला फेकलं असं सांगतात तो कीचकदरा आहे. 1803 च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेने घेतलेला गाविलगड आहे, तिथे किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून गाडीची वाट बघणारं अचलपूरचं स्टेशन आहे. आणि मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापल्या सळईने चटके देण्याचा 'डंबा' आहे. त्यापुढे कुठली हडळ टिकेल?

इथे मात्र जपून. भूमकाला, म्हणजे कोरकू आदिवासींच्या भगताला, कवटीवाला मांत्रिक करून टाकणं फार सोपं आहे, आणि तसं करणारा सिनेमा वाईटही होईल आणि अन्यायीही. बाळाला चटका देणारी आई दुष्ट नसते. तिला दवाखाना लांब असतो आणि भूमका जवळ. भयपट त्या आईच्या बाजूने उभा राहून काढता आला पाहिजे. डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झालेल्या राज्यात भूत दाखवायचं तर ते कुणाच्या फायद्याचं आहे, हेही दाखवावं लागेल.

तेव्हा अचलपूर-परतवाड्यात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांना विनंती एवढीच. ड्रोन भाड्याने आणू नका, ते पैसे बऱ्या माइकवर घाला. एक रात्र जागलीला बसा, तिथले आवाज उतरवून आणा, माणसं बोलतात तसं बोलू द्या. पहिल्या दहा मिनिटांत एकही किंकाळी ठेवू नका. एवढं केलंत तर तिकीट काढून बघायला आम्ही येतो.