उघड्या दाराचा नरक

ज्याँ-पोल सार्त्र यांच्या ‘ह्युई क्लो’ या एकअंकी नाटकाचा पहिला प्रयोग २७ मे १९४४ रोजी, जर्मन अंमलाखालील पॅरिसमध्ये झाला. इतर माणसांनाच नरक ठरविणारे त्यातील गार्सँचे उद्गार पुढे इतके सर्वतोमुखी झाले की, त्या एका वाक्याने नाटकावरच मात केली. सार्त्र मानवी सहवास मुळातच विषारी मानतात, असा निष्कर्ष त्यावरून सहज काढला जातो. नाटकाची घडण पाहता तो टिकत नाही.

फ्रेंच न्यायव्यवहारात ‘ह्युई क्लो’ म्हणजे बंद दारांआड चालणारी सुनावणी. येथे न्यायाधीश नाही, यमदूत नाहीत, उकळत्या तेलाच्या कढयाही नाहीत. आहे तो जुन्या थाटाचा दिवाणखाना, तीन कोच, ब्राँझचा एक पुतळा आणि कधीच न मालवणारे दिवे. आरसा मात्र नाही. त्यामुळे प्रत्येकाला स्वतःचे रूप दुसऱ्याच्या डोळ्यांत शोधावे लागते. इनेस एस्तेलचा आरसा होते आणि तिच्या गालावर नसलेला डाग दाखवून तिला घाबरविते. ‘अस्तित्व आणि शून्यता’ या १९४३ च्या ग्रंथात सार्त्र यांनी परदृष्टीचे जे विवेचन केले, ते या लहानशा प्रसंगात जिवंत होते. तत्त्वविचार पात्रांच्या तोंडी न घालता प्रसंगात मुरविण्याचे हे सामर्थ्य निःसंशय नाटककाराचे आहे.

नाटकाचे मर्म मात्र त्या गाजलेल्या वाक्यात नसून त्याआधीच्या एका कृतीत आहे. युद्ध सुरू होताच पळ काढून पकडला गेलेला आणि गोळ्या घालून मारला गेलेला पत्रकार गार्सँ सुटकेसाठी दारावर धडका देतो, आणि दार अकस्मात उघडते. कोणीही बाहेर पडत नाही. आपण भ्याड नाही, हे इनेसच्या तोंडून वदवून घेतल्याखेरीज गार्सँला जाववत नाही. एस्तेल ते तत्काळ म्हणावयास तयार आहे. पण तिचा शब्द स्वस्त आहे. ज्या दृष्टीपासून पळावयाचे, तिच्याकडूनच निर्दोषत्वाचा दाखला हवा, हा खरा कोंडमारा होय. दार बाहेरून बंद नाही. स्वतःविषयीचा निवाडा दुसऱ्यावर सोपविल्यामुळे ते आतून बंद झाले आहे.

यावर एक आक्षेप उरतोच. ही पात्रे मृत आहेत. माणूस म्हणजे त्याच्या कृत्यांची बेरीज असेल, तर त्यांची बेरीज पुरी झाली आहे. मग उघड्या दाराला अर्थ कोणता? १९६५ मध्ये या नाटकाविषयी बोलताना सार्त्र यांनी खुलासा केला की, संबंध विकृत झाले तरच दुसरा माणूस नरक ठरतो. आणि सवयींत व इतरांच्या मतांत गोठून गेलेल्या जिवंत माणसांचेच हे मृत रूपक आहे. हा खुलासा नाटकाबाहेरचा असला, तरी नाटकाशी विसंगत नाही.

एस्तेलच्या चित्रणात हे सामर्थ्य उणे पडते. स्वतःचे अर्भक बुडविणाऱ्या या स्त्रीचा अपराध भयंकर आहे. पण तिचा सारा अंतःसंघर्ष पुरुषाच्या नजरेच्या भुकेत विरून जातो. गार्सँला प्रश्न पडतो, तिला केवळ गरज असते. एवढे उणे धरूनही या नाटकाचा प्रत्यय बलवत्तर आहे. पात्रांना जो उंबरठा ओलांडता आला नाही, तो ओलांडण्यास जिवंत प्रेक्षकाला अद्याप अवधी आहे. म्हणूनच नरकाचे हे नाटक अखेर स्वातंत्र्याचे नाटक ठरते.