बुधवारी यायचंय हं

सांगलीत कृष्णाकाठच्या एका गल्लीत आशाताईने उंबऱ्याशी उभं राहून उच्चारलेलं एक साधंसं वाक्य माझ्या कानात कितीतरी दिवस रेंगाळत राहिलं आहे. ‘‘वहिनी, बुधवारी बाळाला घेऊन यायचंय हं, पेंटाचा तिसरा डोस आहे, रात्री थोडा ताप येईल, घाबरू नका.’’ आत पाळणा हलत होता, चुलीवर दूध होतं, आणि साडेतीन महिन्यांच्या लेकराची आई पदराला हात पुसत नुसती ‘बरं’ म्हणाली. कुणाचं मन वळवलं गेलं, असं त्या क्षणी वाटलंसुद्धा नाही. पण हेच वाक्य आपण थोडं सावकाश, एकेक शब्द जिभेवर घोळवत ऐकूया.

आधी ते ‘यायचंय’. मराठीचं हे रूप किती लाघवी आहे पाहा! ‘आणाल का?’ असं विचारलं असतं, तर नकाराला दार उघडं राहिलं असतं. ‘आणा’ म्हटलं असतं, तर सरकारी हुकमाचा वास आला असता. ‘यायचंय’मध्ये प्रश्न नाही आणि आज्ञाही नाही, जत्रेला जायचंय, लग्नाला यायचंय, तसं दोघींमध्ये आधीच ठरून गेलेलं काहीतरी त्यात आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डग्लस ओपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टर-पालकांच्या १११ भेटींचं चित्रीकरण तपासून २०१३ मध्ये जे मांडलं, ते याच जागी येऊन मिळतं. ‘आज लस द्यायची आहे’ अशी सुरुवात झाली तेव्हा २६ टक्के पालकांनी विरोध दर्शवला. ‘लशीचं काय करायचं ठरवलंय?’ असं विचारलं तेव्हा ८३ टक्क्यांनी. सांगलीच्या गल्लीतली आशाताई ते संशोधन वाचायला गेलेली नाही. तिच्या बोलीतच ते मुरलेलं आहे.

मग येतो तो इवलासा ‘हं’. त्याला अर्थ म्हणावा तर जवळजवळ नाही, आणि काढून टाकला तर सगळं वाक्य कोरडं पडतं. यायचंय म्हणताना जो निश्चय आला, त्यावर हा ‘हं’ मायेचा हात फिरवतो.

पण मला सर्वांत मोहवतं ते ‘थोडा ताप येईल’. लपवायची गोष्ट तिने आपण होऊन पुढे ठेवली! रात्री दोन वाजता बाळाचं अंग तापलं की आईला भय वाटतं ते फसवणुकीचं. इथे तो ताप अगोदरच नाव घेऊन आलेला पाहुणा होतो. लसीकरण सत्रात नर्सबाईंनी आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, पुढे कधी यायचं, काय त्रास होऊ शकतो नि तेव्हा काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवून येताना आणायचं. या चारांतली तिसरी मला नेहमीच सर्वांत सुंदर वाटत आली आहे, कारण विश्वास तिथे जन्मतो. भीती घालून तो येत नाही. २०१४ मध्ये ब्रेंडन नायहान आणि सहकाऱ्यांनी १,७५९ पालकांना वेगवेगळे संदेश दाखवले, त्यांत आजारी मुलांची छायाचित्रं होती, मरणाच्या दारातून परतलेल्या बाळाची कहाणी होती. एकाही संदेशाने लस देण्याचा इरादा वाढला नाही; कहाणी वाचलेल्यांना तर लशीचे दुष्परिणामच अधिक संभवनीय वाटू लागले.

आपल्याकडे शब्दांचा हा कस फार जुना आहे. ज्या रोगाला आपण ‘देवी’ म्हटलं, अंगणात कडुलिंबाचा पाला टांगून जिची मनधरणी केली, त्याच रोगाच्या लशीलाही सातारा-सांगलीच्या आज्या ‘देवी काढल्या’ असंच म्हणत. केवढी समजूत आहे या एका क्रियापदात! परक्या सुईला घरातला शब्द मिळाला आणि कोपणाऱ्या देवीशी भांडण न करता लस दंडावर उतरली. पुढे देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस जाहीर झालं आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला.

ऊसतोडीच्या हंगामात फडाकडेच्या पालांवर पोलिओचे दोन थेंब पाजायला जाणाऱ्या ताईंचे शब्दही असेच अंगणातले असतात. बाळ हसलं की त्याच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करत त्या म्हणतात, ‘‘झालं, शूर आहे गं तुझा!’’ आईचा चेहरा त्या ‘तुझा’ने उजळतो.

सातारा आणि सांगलीच्या आरोग्य विभागांत फलकांचा, पत्रकांचा मजकूर लिहिणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: तो छापायला देण्याआधी गावातल्या एखाद्या आशाताईला मोठ्याने वाचून दाखवा, आणि ती जिथे अडखळेल तिथला शब्द बदला.